नाव नसलेलं कार्ड

पश्चिम किनारा, अस्वान
१२ ऑक्टोबर

फकीहाताईस,

फोन तू उचलत नाहीस, तेव्हा कागद. हा कागद बशीर घेऊन येईल. अलेक्झांड्रियाच्या गाडीत तो चहा विकतो हे तुला ठाऊक आहे. त्याच्याशी नीट बोल. गेल्या वेळी तू त्याला पाणीसुद्धा विचारलं नाहीस असं तो सगळ्या गावाला सांगत फिरला आणि मान माझी खाली गेली.

तुझा निरोप पोचला. जानेवारीच्या सुट्टीत येऊन नबरेला घेऊन जाणार म्हणे. नवऱ्याची परवानगी मिळाली, घरात खोली रिकामी झाली, सगळं जमून आलं. छान. थोड्या दिवसांसाठी म्हणून तू तिला माझ्याकडे टाकून गेलीस तेव्हा ती माझ्या कमरेलाही लागत नव्हती. आता चौथीत आहे, माझ्याच वर्गात. वर्षाच्या मध्यात शाळेतून पोर उपटून नेणं म्हणजे काय, हे तुला कसं कळणार? तू कधी वर्गात उभी राहिली नाहीस.

आणि आत्ता तर अजिबात नेऊ नकोस, कारण तुझी मुलगी आत्ता कुठे बोलायला लागली आहे. तोंडाने नाही, कार्डाने. हसू नकोस, सांगते.

उन्हाळ्यात शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. त्यातल्या बाईंनी एक साधी युक्ती शिकवली. प्रत्येक मुलाला एक जाड कागदाचं कार्ड द्यायचं. त्यावर काळ्या चौकोनांची एक आकृती असते, प्रत्येकाची वेगळी. कार्डाच्या चार कडांवर बारीक अक्षरात अलिफ, बा, जीम, दाल लिहिलेलं असतं. मी फळ्यावर प्रश्न लिहिते, चार उत्तरं देते, आणि मुलं आपल्याला पटलेल्या उत्तराची कड वर करून कार्ड धरतात. मग मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते. ज्या मुलाचं कार्ड दिसेल त्याचं नाव पडद्यावर त्याच्या डोक्यापाशी उमटतं, बरोबर असेल तर हिरवं, चुकलं तर लाल. एक फोन पुरतो. माझा तो काच तडकलेला फोनसुद्धा पुरतो. कुणी कुणाची नक्कल करू शकत नाही आणि चुकलेल्याला कुणी हसू शकत नाही, कारण चुकलं ते फक्त मला कळतं.

पोरांना वेड लागलंय. शाझली, तो मासेवाल्याचा दांडगट मुलगा, जो मागच्या वर्षी खिडकीतून पळायचा, तो आता मधल्या सुट्टीतही विचारतो, "मिस, आज फोन भरलाय ना? नाहीतर माझ्या बापाची बॅटरी आणून देतो." आणि नबरा, जिला नाव विचारलं तरी ओढणी चावायची, ती सगळ्यात आधी कार्ड वर धरते. परवा पहिल्यांदा तिचं नाव हिरवं झालं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी धूळ गेली म्हणून सांगितलं.

तेव्हा जून उजाडू दे. मग बघू.

तुझी
दारिया


३ नोव्हेंबर

ताई,

उत्तर नाही. बशीर म्हणतो तू पत्र घेतलंस आणि दार लावलंस. निदान घेतलंस.

आज लिहायचं कारण वेगळंच आहे. वर्गात एक गंमत झाली. आधी गंमत वाटली म्हणून तसंच लिहिते.

कार्डांचा गठ्ठा छापून आणला त्यात वर्गापेक्षा कार्डं जास्त निघाली. उरलेली मी घरी कपाटात ठेवली, वरच्या खणात, साखरेच्या डब्यामागे. ज्या कार्डाला मी कुणाचं नाव दिलेलं नाही ते चुकून दिसलं तर फोन नाव दाखवत नाही, नुसती राखी पट्टी दाखवतो आणि त्यावर 'नाव नाही' एवढंच. गेल्या आठवड्यात भागाकाराचा प्रश्न घातला, फोन फिरवला, तर नबरेच्या बाकावर दोन पट्ट्या. एक तिच्या नावाची. दुसरी तिच्या शेजारी, खिडकीकडच्या रिकाम्या जागेवर. राखी.

त्या जागेवर कुणी बसत नाही. शाझलीला बसवला होता, त्याने दोन दिवसांत जागा बदलून मागितली. "तिथे गार लागतं, मिस." अस्वानात, ऑक्टोबरात! मी म्हटलं, तुझ्या अंगात आळस भरलाय म्हणून गार लागतं.

मला वाटलं समोरच्या हाज्जा सकीनाची भिंत दिसत असेल. तिने यंदा घर नव्याने रंगवलंय, दारावर काळेपांढरे चौकोन काढलेत, कार्डासारखेच. फोन बिचारा यंत्र, फसला असेल. म्हणून खिडकीला चादर लावली. हाज्जा बोळातून ओरडली, "काय गं दारिया, माझी भिंत आवडली नाही का?" मुलं खो खो हसली. मीही हसले, आणि पुढचा प्रश्न घातला.

पट्टी आलीच. चादर लावलेली, जागा रिकामी, आणि पडद्यावर हवेत ती राखी पट्टी. फोन खाली केला की काही नाही, वर केला की आहे.

आणखी एक. भिंत असती तर उत्तर कायम एकच आलं असतं, हो ना? भिंत काही वळत नाही. पण ही पट्टी कधी अलिफ म्हणते, कधी दाल. आणि चुकत नाही. मी मुद्दाम अवघड घातलं, जे शिकवलंही नव्हतं. वर्ग लाल झाला, ती जागा बरोबर निघाली.

घरी येऊन कपाट उघडलं. कार्डं साखरेच्या डब्यामागेच होती.

तुला भीती दाखवायला लिहीत नाहीये. कुणाला तरी सांगायला हवं होतं. हेडसरांना सांगितलं तर म्हणाले, "बाई, सरकारी शाळेत पट वाढला तर आनंद माना."

दारिया


२१ नोव्हेंबर

फकीहा,

आज ताई लिहिणार नाही.

मिळालं तुझं उत्तर, बशीरच्या चहाच्या पाकिटामागे लिहिलेलं. "मुलगी ठेवून घ्यायचे बहाणे पुरे कर. भुताच्या गोष्टी सांगून मी घाबरणार नाही. मला एकच मुलगी झाली आणि ती मी नेणार."

मी भुताचं नावही घेतलं नव्हतं. मी फोनबद्दल लिहिलं होतं. 'एकच' हा शब्द तुझ्याच मनातून आला, तो का आला ते तुला माहीत आहे.

एकच? मी होते त्या खोलीत. दोघींना मी आंघोळ घातली. कोणती कोणती ते कळावं म्हणून तू एकीच्या मनगटाला लाल दोरा बांधला होतास. गावात आजही आपल्या घराभोवती कुणी मांजराला दगड मारत नाही, जुळ्यातलं मूल झोपलं की त्याचा जीव मांजर होऊन हिंडतो म्हणून. गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा जाणतात की नबरा जुळ्यातली. आणि आई कानावर हात ठेवते.

सहाव्या दिवशी ती गेली. सातव्या दिवशी एकेका नावाची मेणबत्ती लावायची होती, शेवटपर्यंत तेवेल तिचं नाव ठरायचं होतं, दोघींना नदी दाखवायची होती, पाण्याखाली राहणाऱ्या नदीतल्या लोकांना लापशी द्यायची होती. एकीसाठी झालं सगळं. दुसरीला नाव मिळायच्या आधीच तिला आपण माती दिली. दगडावरही काही लिहिलं नाही, लिहिणार काय? तुझ्यावर राग नाही माझा त्याचा. तू तेव्हा उठूनही बसू शकत नव्हतीस. पण ती झालीच नाही असं म्हणू नकोस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. नबरेचं काहीतरी बिघडलंय.

दहा दिवस झाले असतील, फोनला तिचं कार्ड दिसेनासं झालंय. रोज नाही, पण बऱ्याचदा. ज्या दिवशी ती राखी पट्टी येते त्या दिवशी नबरेचं नाव येत नाही. मी तिच्या बाकासमोर जाऊन फोन धरते, हात लांब करून, तरी येत नाही. मला वाटलं कार्ड मळलं, नवीन दिलं. तेही दिसत नाही.

घरी विचारलं, "आज उत्तर का नाही दिलंस?"

"दिलं होतं, मावशी."

"कार्ड वर धरलं होतंस?"

"हो. तू माझ्याकडे बघितलंस आणि पुढे गेलीस."

"मग मला दिसलं कसं नाही?"

ती भाकरीचा तुकडा कुस्करत बसली. मग म्हणाली, "ती आपलं माझ्यापुढे धरते."

कोण ते मी विचारलं नाही. तू असतीस तर विचारलं असतंस का?

आणि हे फक्त फोनपुरतं राहिलेलं नाही. काल खजूर वाटले, वाटणारी मुलगी नबरेला सोडून पुढे गेली. चिडवायला नाही, सहज, तिथे कुणी नसल्यासारखी. हजेरी घेताना माझ्याच तोंडून तिचं नाव गळलं. मी, जी तिच्या वेण्या घालते! संध्याकाळी होडीवाल्याने तिला किनाऱ्यावर ठेवून होडी सोडली. मी ओरडले तेव्हा म्हणाला, "अगं, ही होती कुठे? शपथ, दिसली नाही."

वजन उतरलंय तिचं. ताप नाही, खोकला नाही. डॉक्टर म्हणाला लोह द्या. देते.

तू आई आहेस. त्या दुसरीला नाव फक्त तूच देऊ शकतेस. एक शब्द, फकीहा. कागदावर लिहून बशीरकडे दे. भुतावर विश्वास ठेवू नकोस, माझ्यावर ठेवू नकोस. पण एक शब्द लिहायला तुझं काय जातं?

दारिया


१४ डिसेंबर

ताई,

तू लिहिलं नाहीस. मी वाट पाहिली आणि मग मला जे सुचलं ते मी केलं. चुकलं असेल तर चुकलं.

हाज्जा सकीना घरी आली होती. मी सांगितलं नव्हतं, पण गल्लीला काय कळत नाही! पाय पसरून बसली, करकदेचं लाल सरबत मागितलं, त्यात मूठभर साखर घातली आणि म्हणाली, "आईला सवड नसेल तर मावशीने द्यावं नाव. पोर दारात उभं आहे, त्याला बस म्हणायला कुणीतरी हवं ना? नाव नाही म्हणून ती बहिणीच्या नावावर बसतेय. वेगळी जागा दे, म्हणजे ती हिची जागा सोडेल."

मेणबत्त्या लावायच्या कुठे? लहान बाळच नाही समोर. मग मला कार्डांचं सुचलं. मेणबत्त्यांचंही शेवटी तेच ना, चार नावं मांडायची आणि ज्याला टिकायचं ते टिकेल. गुरुवारी शेवटच्या तासाला मी मुलांना सांगितलं, माझ्या ओळखीत एका बाळाचं नाव ठेवायचंय, तुम्ही ठरवा. फळ्यावर लिहिलं. अलिफ, हनूना. बा, समासिम. जीम, लयान. चौथं काय लिहावं? कार्डाला कडा चार, एकच रिकामी ठेवणं बरं दिसेना. आपल्याकडे एक मेणबत्ती पणजीच्या नावाची असतेच, हात सवयीने चालला आणि मी लिहून गेले. दाल, नबरा.

शाझली ओरडला, "मिस, नबरा तर आपल्याकडे आहेच की!"

"असू दे," मी म्हटलं. "चार पूर्ण करायला लिहिलंय. ते कोण निवडणार आहे?"

मुलांनी कार्डं वर केली. मी फोन फिरवला. सगळा वर्ग जीम, लयान. टीव्हीवरच्या कुठल्याशा मालिकेत आहे म्हणे ती. खिडकीपाशी आले. आपल्या नबरेची पट्टी नव्हती. राखी होती, आणि तिच्यावर दाल.

मी पुन्हा फिरवला. दाल. मुलांना कार्डं खाली ठेवायला सांगितली, फोन एकट्या त्या जागेवर धरला. दाल.

तू म्हणशील, पुसून टाकायचं होतंस, दुसरं नाव घालायचं होतंस. पण जी मेणबत्ती विझत नाही तिचंच नाव द्यायचं, तिथे आपली मर्जी चालत नाही, हे आपल्याला आईने शिकवलं. मी फोनमध्ये त्या कार्डापुढे 'नबरा' लिहिलं. फोनने काही हरकत घेतली नाही. एका वर्गात एका नावाची दोन मुलं असतातच.

आणि ऐक ताई, त्या क्षणी दोन्ही पट्ट्या आल्या! दोन्ही! बाकावर शेजारी शेजारी, नबरा आणि नबरा. आपल्या पोरीने माझ्याकडे बघून हसून हात हलवला. त्या संध्याकाळी होडीवाल्याने तिला स्वतःहून उचलून होडीत घेतलं. रात्री तिने दोन वेळा भाकरी मागून घेतली.

आता एक खरं सांगते, कारण आज मन हलकं आहे. नाव देताना माझ्या मनात फक्त पोरीचं भलं नव्हतं. मला मूल नाही. नवरा होता तोही राहिला नाही. तू येणार आणि घेऊन जाणार, आणि मी त्या घरात एकटी वेण्या कुणाच्या घालणार? फोनवर दोन नावं बघितली तेव्हा मला वाटलं, झालं, दोघी आहेत. तुला एक, मला एक. मला ती फोनमध्ये दिसली तरी पुरे.

वेडेपणा आहे, मला कळतं. तू हे वाचून नवऱ्याला दाखवू नकोस.

ये सुट्टीत. मी अडवणार नाही.

दारिया


९ जानेवारी

ताई,

तिकीट काढलंस ते बशीरने सांगितलं. येताना जाड कपडे आणू नकोस, इथे दुपारी ऊन आहे. तिची बॅग मी भरते.

तब्येत सुधारली आहे तिची. गाल भरलेत. तुला बघून बरं वाटेल. वाळवलेली भेंडी ती तोंडात धरत नव्हती, आता दोन वाट्या खाते. नदीला घाबरायची, आठवतं? आता शाळेतून आली की घाटाच्या शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसते आणि हाक मारल्याशिवाय उठत नाही. हाक मारली तरी लगेच उठत नाही. कुणाला हाक मारली ते आधी ठरवत असल्यासारखी थांबते.

वेण्या घालताना मान आता हलवत नाही. आधी किती छळायची!

मांजरं दारात येईनाशी झाली आहेत. थंडी असेल.

ये.

दारिया


१८ फेब्रुवारी

ताई,

तुम्ही गेल्यापासून हे पत्र लिहायचं टाळत होते. तू स्टेशनवर मला मिठी मारलीस. इतक्या वर्षांनी मारलीस. म्हणालीस, "दारिया, तू सांभाळलीस म्हणून पोर अशी गुटगुटीत झाली." ते शब्द अजून कानात आहेत, आणि आता मी जे लिहिणार आहे त्याने ते तू परत घेशील. घे.

शाळा सुरू झाली. नबरेचं कार्ड मी गठ्ठ्यातून काढून ठेवलं होतं. फोनमधून दोन्ही नावं काढायची राहिली होती. काढवली नाहीत, खरं सांगायचं तर. पहिल्याच दिवशी प्रश्न घातला, फोन फिरवला, आणि खिडकीकडच्या बाकावर एक पट्टी आली. नबरा. हिरवी.

मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला. म्हटलं, माझी आली. माझ्या वाटणीची. मी रोज तिच्यासाठी एक सोपा प्रश्न घालू लागले. सुट्टीत बाकावर खजूर ठेवू लागले. मुलं कुजबुजायची, मी डोळे वटारायची.

मग माझ्या लक्षात आलं की ती चुकते.

नाव नसलेली कधी चुकत नव्हती, तुला लिहिलं होतं मी. ही सातच्या पाढ्यात चुकते. आपली नबरा सातच्या पाढ्यात चुकते. शेजारच्या मुलीने जोरात कार्ड आपटलं की हिची पट्टी दचकल्यासारखी हलते. मी घरी जाऊन फोनमध्ये बघितलं, दोन नबरांपैकी कोणती. हिरवं-लाल होतं ते पहिल्या कार्डावर. मी आपल्या नबरेचं म्हणून जपलेल्या कार्डावर. ते कार्ड माझ्या कपाटात आहे आणि ते रोज वर्गात वर होतं.

काल शाळा सुटल्यावर मी वर्गात थांबले. बिलालकाका झाडू मारायला आले, त्यांना म्हटलं नंतर या. फळ्यावर लिहिलं, तू कोण? अलिफ, सहाव्या दिवशी गेलेली. बा, दारियाकडे वाढलेली. जीम आणि दाल रिकामे ठेवले. फोन धरला.

बा.

मग लिहिलं, आईबरोबर का नाही गेलीस? उत्तरं मीच मांडायची, ताई. तिला स्वतःचं काही बोलता येत नाही, मी मांडीन त्यातलंच निवडता येतं. अलिफ, मला जायचं नव्हतं. बा, मावशीसाठी थांबले. जीम, मी गाडीत चढले पण माझ्यासाठी जागा नव्हती. दाल, माहीत नाही.

मला वाटलं बा येईल. देवाशपथ, मला तेच हवं होतं.

जीम आलं.

तू म्हणशील, पुन्हा बहाणा. मुलगी परत ओढायचा डाव. म्हणून मी काही सिद्ध करत बसत नाही. तू पहिल्यांदा गेलीस तेव्हा होडीत चढताना वाकून तिच्या कानात काहीतरी सांगितलंस. काय ते मला माहीत नाही. मी कितीदा विचारलं, तिने कधी सांगितलं नाही. म्हणायची, ते आईचं आहे. तुझ्याकडच्या मुलीला विचार ते. एकटीला, शांतपणे, मागे लागू नकोस. तिला आठवलं तर हे पत्र फाड आणि मला वेडी म्हण. मला फार आनंद होईल.

दारिया


२६ फेब्रुवारी

ताई,

काल तू फोन केलास. मी नाव बघून घाबरलेच. पलीकडून आधी नुसता श्वास, आणि मग रडू. मग तू एवढंच विचारलंस, "ती अजून वर्गात आहे?"

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. रागावू नकोस. तुझ्या मागे कुणीतरी उभं होतं. मला तिचा श्वास ऐकू येत होता, तुझ्यापेक्षा शांत. तिच्यासमोर मला पुढचं बोलायचं नव्हतं, म्हणून हा कागद. बशीरला सांगितलंय, तुझ्याच हातात द्यायचा.

तिच्यावर चिडू नकोस. मारू नकोस. तीही तुझीच आहे, तिने कुणाचं काही चोरलेलं नाही. मी चार कडा भरायला एक नाव लिहिलं, तिने ते घेतलं. तिला सोबत आण. हाज्जा सकीना म्हणते, दोघींना मिळून नदी दाखवायची राहिली आहे, लापशी ती शिजवेल, पण पाण्यापाशी आईच लागते. तिथे तू दोघींना दोन नावं दे. या वेळी तुझ्या तोंडाने. वाटेत तिला नबरा म्हणून हाक मारू नकोस.

तेव्हा लिहिलं होतं मी, तुला एक, मला एक. ते खोडलं समज. दोघी तुझ्या. मी दारात उभी राहून बॅग भरून देईन, पुन्हा एक शब्द बोलणार नाही.

फक्त उशीर करू नकोस. आज सकाळी पहिला प्रश्न घातला, सगळ्या वर्गाची नावं आली, तिचं आलं नाही. मी बाकासमोर गुडघ्यांवर बसले आणि फोन धरून ठेवला. मुलांचे हात दुखायला लागले. शाझली म्हणाला, "मिस, आम्ही खाली करू का?" मी म्हटलं, नाही, कुणी हात खाली करायचा नाही. बऱ्याच वेळाने पट्टी आली, इतकी फिकट की नाव वाचता येत नव्हतं. उत्तर बरोबर की चूक तेही कळलं नाही.

पण आली. गुरुवारी गाडी आहे. मी तिला सांगून ठेवलंय, आई निघाली म्हणून.

दारिया